शाळेचा निरोप तलावाला

कॉरिगन गावच्या अग्निशमन केंद्रातले दोन्ही बंब सकाळीच डोंगरावर गेले होते. त्यांच्या रिकाम्या जागेत, फरशीवरच्या तेलाच्या डागांवरच एक घडीचं टेबल टाकून ओपल ड्रिस्कॉल बसली होती. समोर संगणक, त्याच्या शेजारी जाड पुस्तकाएवढी मोडेमची पेटी, पेटीवर रेडिओ. रेडिओची तार खिडकीतून बाहेर पडून पाण्याचे पाइप वाळत घालायच्या उंच मनोऱ्यावर चढली होती. दार उघडं होतं आणि दारातून दिसणारी दुपार चहाच्या रंगाची झाली होती. मधूनच राख आत येई आणि कळफलकावर बसे. ओपल ती फुंकून टाकी आणि पुन्हा टंकायला लागे.

ब्याण्णव सालचा ऑगस्ट संपत आला होता. त्या उन्हाळ्यात डोंगरात पाऊस असा पडलाच नव्हता. आगीने पहिल्याच दिवशी टेलिफोनचे खांब खाल्ले. हौशी रेडिओवाल्यांचा, आवाज उचलून पुढे पोचवणारा रिले पलीकडच्या शिखरावर होता, तोही सकाळी गेला. मग उरलं ते एवढंच: टंकून पाठवायचा रेडिओ, आणि त्याच्यासाठी बॉल्डी नावाच्या बोडक्या टेकडीवर ओपलच्या नवऱ्याने, मर्लने, आपल्या पिकअपमधून नेऊन उभा केलेला रिले. दोन बॅटऱ्या, एक जनरेटर, एक जुना संगणक आणि काठीला बांधलेला अँटेना. दरीतलं एक गाव दुसऱ्या गावाला दिसत नव्हतं, पण बॉल्डी सगळ्यांना दिसत होती. म्हणून ज्याचा त्याचा निरोप मर्लच्या रिलेवरून जात होता.

हा नाद मूळचा मर्लचा. ओपल टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाली तेव्हा घरात बसून कंटाळेल म्हणून त्याने तिला परवान्याच्या परीक्षेला बसवलं. वर्षभरात ती त्याच्या पुढे गेली. मर्ल दोन बोटांनी टंकायचा आणि प्रत्येक अक्षर शोधून काढायचा. "बाईसाहेबांच्या दहा बोटांपुढे आमची दोन," असं तो क्लबात सगळ्यांना सांगायचा. त्या दिवशी सकाळी निघताना मात्र तो थट्टेच्या मूडमध्ये नव्हता. टेकडीवर कुणी तरुण माणसाने जावं, असं तिचं म्हणणं होतं. जनरेटरला कसं गोंजारायचं ते आपल्याशिवाय कुणाला कळत नाही, असं त्याचं. बोलणं तिथेच तुटलं आणि तो गेला.

आता तिच्या पेटीवर चार लाइनी एकदम उघड्या होत्या. ए वर मर्ल. बी वर तलाव, म्हणजे अ‍ॅडा तलावाच्या काठचं मुलांचं शिबिर. तिथे शिबिराचा राखणदार ऑगी बेल्ट्रान टंकत होता. सी वर सीडर बेंचची शाळा, जिथे वरच्या वस्तीतली माणसं गोळा झाली होती. आणि डी वर जिल्ह्याचं इस्पितळ. चौघांशी बोलायला चॅनेल मात्र एकच. टंकलेल्या मजकुराची पेटी लहान लहान पुडकी बांधायची, प्रत्येक पुडक्यावर कुणाचं, कुणाला ते घालायची आणि झर्रकन हवेत फेकायची. समोरच्या पेटीला पुडकं धड मिळालं की तिची पोच यायची. पोच नाही आली तर ही पेटी तेच पुडकं पुन्हा फेकायची, पुन्हा फेकायची, आणि ठरलेल्या वेळा झाल्या की लाइन तोडून मोकळी व्हायची. दोघांनी एकदम फेकलं तर दोघांचंही वाया. आणि सकाळपासून सगळेच फेकत होते. सॅक्रामेंटोहून कुणी आपल्या आईचं घर उभं आहे का विचारत होता, कुणी आपल्या घोड्यांची चौकशी करत होता. ओपल त्यांना दोन शब्दांत वाटेला लावी, की तेच पुन्हा दार ठोठावत.

चार लाइनी सांभाळणं तिला जड नव्हतं. एक्स्चेंजच्या स्विचबोर्डवर तिने याच्या कितीतरी पट लाइनी हाताळल्या होत्या. फक्त या पेटीत एक खोड होती. कुणाचा मजकूर आला की पडद्यावर त्या लाइनीचं अक्षर उमटायचं. पण आपण टंकलेलं मात्र जिकडचं बटण आपण शेवटचं दाबलं असेल तिकडेच जायचं, पडद्यावर कुणाचंही अक्षर असो. म्हणजे ऐकायचं एकाचं आणि नकळत बोलून बसायचं दुसऱ्याशी. म्हणून ओपलने स्वतःला शिस्त लावून घेतली होती: आधी लाइनीचं अक्षर, मग माणसाचं नाव, मग निरोप. सकाळपासून तिची ही शिस्त एकदाही मोडली नव्हती.

दुपारी ती तलावाशी बोलत होती. ऑगीने कळवलं की मुलं आणि शिक्षक मिळून दोन बसभर माणसं आहेत, मुलांना सँडविच दिलेत, धूर आहे पण ज्वाळा दिसत नाहीत. वेंडेल किम्ब्रोचा हुकूम सकाळपासून तोच होता: तलावाच्या लोकांनी तलावाकाठीच थांबायचं, वेळ आली तर पाण्यात उतरायचं, पण रस्त्याला लागायचं नाही. तलावाकडून येणारा रस्ता पुढे एका चिंचोळ्या घळीतून जातो आणि आग त्या घळीच्याच रोखाने सरकत होती. वेंडेल हा केंद्राचा कॅप्टन. ओपलने त्याला शाळेत जाताना पाहिलेला, आज केंद्राच्या मागच्या खोलीत तो बंबांच्या रेडिओला कान लावून बसला होता.

एवढ्यात पडद्यावर सी उमटला. शाळेतून ल्यूसिल थर्मन विचारत होती: झाडांच्या शेंड्यांवर ज्वाळा दिसायला लागल्या आहेत, थांबू की निघू?

ओपलने मान वळवून हाक मारली तोवर वेंडेल स्वतःच धावत बाहेर आला. त्याच्या माणसांनी वरून हीच बातमी दिली होती.

"मिसेस ड्रिस्कॉल, शाळेला काढा बाहेर. रिव्हर रोड अजून मोकळा आहे, पण फार वेळ राहणार नाही. सामान उचलत बसू नका म्हणावं."

तो बोलत असतानाच तिची बोटं चालायला लागली होती. आत्ताच निघा. रिव्हर रोडने खाली या. कशासाठीही थांबू नका. तिने पाठवायचं बटण दाबलं. वेंडेल मागे वळला. पडद्यावर अजून ल्यूसिलचा सी आणि ल्यूसिलचा प्रश्न होता. पोच आली. ओपलने पाण्याचा घोट घेतला.

मग उत्तर आलं. समजलं, निघतो. दोन्ही बस भरतोय. मी बाहेर जातोय. ऑगी.

त्या उत्तरापुढे बी होता.

ओपलने ती ओळ पुन्हा वाचली. तिला एकदम काही समजेना आणि मग सगळंच समजलं. लाइन बदलायची राहिली होती. नावही घातलं नव्हतं. शाळेचा निरोप तलावाला गेला होता, आणि ऑगी मुलांना बसमध्ये चढवून थेट घळीकडे निघाला होता.

बोटांना आपलं काम ठाऊक होतं. आधी बी. ऑगी, थांब. निरोप चुकला. निघू नका, तलावाकाठी थांबा. मग सी, या वेळी डोळ्यांनी अक्षर पाहून: ल्यूसिल, निघा, रिव्हर रोड, आत्ता. दोन्ही पुडकी पेटीने हवेत फेकली, आणि कुणाचीच पोच आली नाही. रेडिओच्या कर्ण्यातून खर्र, खर्र असा आवाज एकावर एक पडत होता. इस्पितळ काही विचारत होतं. सॅक्रामेंटोवाला पुन्हा दारात होता. तिची पेटी तेच पुडकं पुन्हा पुन्हा फेकत होती आणि दर वेळी ते कुणाच्या तरी पुडक्यावर आदळत होतं.

ती ओरडली नाही. मागच्या खोलीच्या दारात जाऊन तिने वेंडेलला सांगितलं की शाळेचा निरोप आपण चुकून तलावाला पाठवला आणि ते निघतायत. वेंडेलच्या कानाला रेडिओ होता. त्याने तो हळूच खाली घेतला.

"परत बोलवा."

"प्रयत्न चाललाय. चॅनेल तुंबलंय. तुझा एखादा बंब घळीकडे जाऊ शकेल?"

वेंडेलने भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं आणि मान हलवली. सगळे बंब आगीच्या अलीकडे होते. घळ पलीकडे होती.

ती टेबलाशी परतली तेव्हा शाळेची पोच आली होती, आणि खाली ल्यूसिलची एक ओळ होती की निघालो, पेटी बंद करते. सी गेली. एक तरी नीट झालं. बी वरचं पुडकं मात्र अजून हवेतच होतं. ते बॉल्डीला चढून तलावाला उतरायचं होतं, आणि त्याची पोच तलावावरून बॉल्डीला चढून तिच्याकडे उतरायची होती. चार उड्या, आणि एकही हुकून चालणार नव्हतं.

अखेर पोच आली. ओपल खुर्चीच्या कडेला आली आणि वाट पाहू लागली. पडद्यावर काही उमटेना. तिने पुन्हा विचारलं, ऑगी, वाचलंस का? त्याचीही पोच आली, उशिरा. उत्तर नाही. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की पोच पेटी देते, माणूस नाही. ऑगीच्या पेटीला निरोप मिळाला होता. तो शिबिराच्या ऑफिसातल्या पडद्यावर व्यवस्थित उमटलाही असेल, रिकाम्या खुर्चीसमोर. ऑगी बाहेर बसमध्ये मुलं मोजत होता.

पलीकडच्या संगणकाची घंटी इथून वाजवायची एक सोय होती. दोन बटणं एकदम दाबून पाठवलं की पलीकडे टूं असा आवाज व्हायचा. एकदा वाजवून बाहेर उभ्या माणसाला तो ऐकू जाणार नव्हता. एकसारखा वाजवत राहायला हवं होतं. पण इथून चार उड्यांच्या वाटेवर पुडक्यांमागून पुडकी पाठवायची म्हणजे निम्मी वाटेतच मरणार.

त्याच वेळी पडद्यावर ए उमटला. मर्ल दोन बोटांनी सांगत होता की टेकडीच्या पश्चिम बाजूचं गवत पेटलंय, जनरेटरमध्ये तेल भरलंय, आणि आता बहुतेक उतरावं लागेल. बाईसाहेबांचा हुकूम काय?

वेंडेल तिच्या खुर्चीमागे येऊन उभा होता. त्यानेही ते वाचलं.

"त्याला आत्ता उतरू द्या, मिसेस ड्रिस्कॉल. पश्चिमेकडून आली तर रस्ता पहिल्यांदा जाईल."

ओपलची बोटं कळफलकावर होती. मर्लला तलाव समोर दिसत होता. त्याच्याकडून तलावाला एकच उडी. तो थेट ऑगीच्या पेटीला धरू शकत होता, घंटी वाजवत राहू शकत होता. तो उतरला की बॉल्डी गेली, आणि बॉल्डी गेली की तलावाला थांब म्हणणारं जगात कुणी उरणार नव्हतं. उतर, एवढं टंकायला तिला श्वासभर वेळ लागला असता. तो शब्द तिने मनात टंकून पाहिला.

मग तिने अक्षर पाहिलं, ए. नाव घातलं, मर्ल. आणि लिहिलं: माझी चूक झाली. शाळेचा निघा हा निरोप ऑगीला गेला. ते घळीकडे निघतायत. पेटीजवळ कुणी नाही. तुला थेट धरून घंटी वाजवता येईल. पण आग जवळ असेल तर उतर. तू ठरव.

शेवटचे दोन शब्द लिहिताना तिला ठाऊक होतं की मर्ल काय ठरवेल. चाळीस वर्षांच्या संसारात एवढं कळतंच. ठरव म्हणणं हे तिथे उतरू नको म्हणण्यासारखंच होतं, आणि ते तिने समजून लिहिलं.

उत्तर यायला वेळ लागला. तो अक्षरं शोधत होता.

समजलं. ऑगीची पेटी एका वेळी एकालाच धरते. तू सोड त्याला. सगळ्यांनाच सोड, मलाही. हवा मोकळी कर.

ओपलने बी सोडली. सोडल्याचीही पोच लागते. ती येईपर्यंत तिने दात आवळून धरले होते. आली. मग डी. इस्पितळ ऑक्सिजनच्या नळकांड्यांबद्दल अर्धं वाक्य बोलून झालं होतं, उरलेलं येत होतं. तिने माफी मागायलाही न थांबता ती लाइन तोडली. बाहेरच्या कुणालाही उचलू नकोस, अशी पेटीला आज्ञा दिली. सॅक्रामेंटोवाल्याने दोनदा ठोठावलं आणि दाद मिळेना म्हणून गप्प झाला. शेवटी ए राहिली. तिने ती तोडली तेव्हा पडद्यावर पेटीने आपल्या कोरड्या भाषेत लिहिलं की आता कुणीही जोडलेलं नाही.

कुणाशीच जोडलेली नसली की ही पेटी हवेत जे ऐकू येईल ते सगळं पडद्यावर दाखवायची. ओपलला तलाव ऐकू येत नव्हता, टेकडी येत होती. म्हणजे मर्ल बोलेल ते तिला दिसणार होतं आणि ऑगीचं काहीच नाही. एक्स्चेंजमध्ये असं अर्धं बोलणं कितीदा कानावर पडायचं. तेव्हा ती लगेच कान काढून घ्यायची. आज ती पुढे वाकून बसली.

कर्ण्यातून एक खर्र आलं. मर्ल ऑगीच्या पेटीला हाक मारत होता. शांतता. पुन्हा तेवढंच खर्र. शांतता. पुन्हा. वेंडेल खुर्चीची पाठ धरून उभा होता आणि प्रत्येक खर्रला त्याची पकड तिला पाठीत जाणवत होती. तिसरं की चौथं वेगळं आलं, लांब. म्हणजे दार उघडलं.

पडद्यावर मर्लचं वाक्य उमटलं, एक एक शब्द तुटक. ऑगी थांब. निघू नका. घळीत आग. मग घंट्या. पडद्यावर त्यांचं काही चिन्ह नव्हतं, पण केंद्रातल्या तिच्या संगणकानेही त्या ऐकल्या आणि तोही वाजू लागला, टूं टूं टूं, रिकाम्या केंद्रभर. वेंडेलने आवाज बंद करता येईल का विचारलं. ती नको म्हणाली. तो आवाज चालू आहे तोवर मर्ल तिथे आहे, हे तिने त्याला सांगितलं नाही.

घंट्या थांबत आणि पुन्हा सुरू होत. एकदा बराच वेळ थांबल्या. दारातून दिसणारं आकाश तांबूस झालं होतं आणि बॉल्डीची बाजू धुरात कधीच बुडाली होती. ओपलने डोळे मिटून घेतले. तिने मागितलं होतं ते देवाकडे की मर्लकडे, हे तिला नंतरही सांगता आलं नसतं. मग खर्र झालं आणि पडद्यावर ओळ आली.

कोण बोलतंय. ऑगी कुठे आहे.

कुणीतरी ऑफिसात आलं होतं. ओपलने वेंडेलचा हात घट्ट धरला.

नाही. तो निरोप तुमचा नव्हता. मुलांना बसमधून उतरवा. पाण्याकडे न्या. पुन्हा शांतता. कर्ण्यात मधूनच कसलीशी खरखर. मग मर्लची पुढची ओळ आली, आणि ती वाचून वेंडेल हळूच म्हणाला, "अरे देवा."

पहिली बस गेली? कधी. ऑगीला सांगा पिकअप घेऊन मागे जा. हॉर्न वाजवत जा.

त्यानंतर बराच वेळ काही नाही. ओपल रेडिओकडे बघत राहिली. मागच्या खोलीतला बंबांचा रेडिओ बडबडत होता पण त्यातलं काहीही तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. शेवटी एकच छोटं खर्र झालं.

गेला तो? बरं. बाकीचे पाण्याजवळ राहा. ओले टॉवेल डोक्यावर. मी निघतो. ओपल ऐकत असशील तर पूर्वेच्या खडकावरून उतरतो. माझी गाडी जळाली.

आणि मग चॅनेल खरोखरच मोकळं झालं. बॉल्डीशिवाय कुणालाच कुणी दिसत नव्हतं, त्यामुळे सॅक्रामेंटोचा माणूससुद्धा गप्प होता. दिवसभर जी शांतता मिळावी म्हणून तिने धडपड केली ती आता भरपूर होती. वेंडेलने बंबवाल्यांना बॉल्डीच्या पूर्व पायथ्याकडे एक गाडी पाठवा म्हणून सांगितलं. जमेल तेव्हा पाठवतो, असं उत्तर आलं.

सीडर बेंचच्या शाळेच्या बस आधी आल्या. दोन पिवळ्या बस, काचांवर काजळी, आत सगळे खोकत असलेले. ल्यूसिल थर्मन उतरून सरळ ओपलकडे आली आणि तिला मिठी मारून म्हणाली की तुझा निरोप अगदी वेळेवर मिळाला. ओपल मिठीतून सुटून पाण्याची भांडी भरायला लागली. तिने माणसांना पाणी दिलं, म्हाताऱ्यांना खुर्च्या दिल्या, एका बाईच्या मांजराला खोक्यात ठेवलं. हात चालू ठेवणं एवढंच तिला जमत होतं.

उन्हं कलली तेव्हा हेलिकॉप्टरवाल्याने तलावावरून चक्कर मारली. तलावाच्या वाळूवर दोन बस उभ्या आहेत आणि माणसं गुडघाभर पाण्यात आहेत, असं तो म्हणाला. दोन, असं वेंडेलने पुन्हा विचारून घेतलं. दोन. एका बसच्या एका बाजूच्या काचा नाहीत.

ओपल केंद्राच्या दारात जमिनीवरच बसली. तशीच बसलेली असताना वनखात्याची एक गाडी आत वळली आणि तिच्या मागच्या बाकावरून मर्ल उतरला. भुवया जळालेल्या, एका पायात बूट नाही, तोंड कोळशासारखं काळं. तो लंगडत तिच्यापर्यंत आला आणि तिच्या शेजारी बसला.

"सगळं गेलं वरचं," तो म्हणाला. "जनरेटर, रेडिओ, गाडी. तो नवीन अँटेनासुद्धा."

"दोन्ही बस परत आल्या," ती म्हणाली.

त्याने मान डोलावली. ते त्याला गाडीतच कळलं होतं.

"मी तुला उतर म्हणायला हवं होतं."

"म्हणाली होतीस की. आग जवळ असेल तर उतर, असं."

"मर्ल, मला माहीत होतं तू उतरणार नाहीस. म्हणूनच तसं लिहिलं."

त्याने तिच्याकडे पाहिलं. भुवया नसल्यामुळे त्याचा चेहरा अनोळखी दिसत होता. "ते कळलं मला," तो म्हणाला. "एवढी वर्षं काय झोपा काढल्या काय मी?" मग त्याने तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. तिच्या ब्लाउजला काळं लागलं. ती हलली नाही.

आग विझायला पुढे बरेच दिवस लागले. वेंडेलने आपल्या अहवालात निरोपांच्या गडबडीबद्दल एकच ओळ लिहिली आणि ती ओपलला दाखवली. चॅनेलवरच्या गर्दीमुळे निरोप चुकला, असं त्यात होतं. ओपलने ते बदलायला लावलं. निरोप गर्दीमुळे चुकला नाही, लाइन बदलायची राहिली म्हणून चुकला, असं लिही, ती म्हणाली. वेंडेलने थोडी कुरकुर केली आणि लिहिलं.

रस्ता उघडल्यावर ती दोघं तलावावर गेली. घळीत दोन्ही बाजूंना नुसत्या काळ्या काठ्या उभ्या होत्या आणि एका वळणावर रस्त्याचं डांबर वितळून पुन्हा थिजलेलं होतं. मर्लने तिथे गाडीचा वेग कमी केला, पण थांबला नाही.

ऑगी बेल्ट्रान त्यांना शिबिराच्या दारातच भेटला. पिकअपचा हॉर्न दाबून दाबून बस वळणाच्या अलीकडे कशी गाठली, ड्रायव्हरने तेवढ्या अरुंद रस्त्यावर बस मागे कशी घेतली, तापून काचा कशा फुटल्या, ते त्याने मर्लला सांगितलं. ओपलने त्याच्यासमोर सगळी चूक सांगितली. ऑगीने टोपी काढून हातात फिरवली.

"मला शंका आली होती," तो म्हणाला. "सकाळपासून थांबा थांबा म्हणत होतात तुम्ही, आणि एकदम निघा. वर माझं नाव नाही. मी विचारायलाच बसत होतो. पण मुलांच्या शिक्षिका, मिस पेनरोझ, म्हणाल्या, मुलांचा प्रश्न आहे, विचारण्यात वेळ घालवू नका."

मिस पेनरोझ पाण्याच्या काठी बाकावर बसल्या होत्या. मुलं कधीच आपापल्या घरी गेली होती, त्या सामान न्यायला आल्या होत्या. पहिल्या बसमध्ये त्याच होत्या. फुटलेल्या काचांच्या बाजूला त्यांनी मुलांना वाचवायला दोन्ही हात आडवे धरले होते, आणि ते हात आता कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत होते. पंचविशीची, किडकिडीत, शांत बाई. ओपल समोर जाऊन उभी राहिली आणि आपण कोण ते तिने सांगितलं.

"तुम्ही तो निरोप पाठवलात," मिस पेनरोझ म्हणाल्या.

"हो. तो तुमच्यासाठी नव्हता. माझी चूक."

ओपल उभीच होती. राग, शिवी, रडणं, काय येईल त्याची तिने तयारी केली होती.

"ऑगी विचारणार होता," मिस पेनरोझ म्हणाल्या. "मी नाही विचारू दिलं. मला इथून निघायचंच होतं. सकाळपासून निघायचं होतं. तुम्ही निघा म्हणालात आणि मला इतकं बरं वाटलं की तो निरोप कुणाचा, हे मला बघायचंच नव्हतं." त्यांनी पट्ट्यांतले हात मांडीवर थोडे सरकवले. "हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सगळे मला शाबासकी देतायत."

ओपल बाकावर बसली. तुमचा दोष नाही, असं ती म्हणाली नाही, कारण तेच तिला गेले कित्येक दिवस सगळे म्हणत होते आणि त्याचा काहीही उपयोग होत नव्हता. तिने विचारलं, हात फार दुखतात का. मिस पेनरोझ म्हणाल्या, रात्री दुखतात, दिवसा खाजतात. बाकावर त्यांच्या शेजारी थर्मास होता. उघडला नव्हता, तो त्यांना उघडता येणारच नव्हता.

ओपलने झाकण फिरवून काढलं, कॉफी ओतली, जरा फुंकर मारली आणि कप त्यांच्या ओठांपाशी धरला. मिस पेनरोझनी एक घोट घेतला, मग आणखी एक. तलावाच्या पलीकडे कुणीतरी जळकी झाडं पाडायला सुरुवात केली होती. मर्ल आणि ऑगी नवा अँटेना कुठे उभारावा यावर मोठमोठ्याने वाद घालत होते.